लेखणी, शाई आणि कागद : बोरूपासून फाउंटनपेनपर्यंतच्या मराठी लेखनसाधनांचा मेळ

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांतील मजकुराची चिकित्सा गेल्या सव्वाशे वर्षांत विपुल झाली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. या सर्व उद्योगात कागद वाचला गेला. कागदाकडे वस्तू म्हणून पाहिले गेले ते मात्र क्वचितच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी शाई व कागद यांच्या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिले, हा या बाबतीतील ठळक अपवाद होय.

प्रस्तुत निबंधात लेखणी, शाई आणि कागद या तीन वस्तूंचा परस्परसंबंध तपासला आहे. ही साधने सुटी नव्हेत. लेखणी आपल्याला मानवेल तीच शाई घेते आणि शाई आपल्याला पेलेल असाच कागद मागते. तिघांपैकी एक बदलले की उरलेल्या दोघांना बदलावे लागते. मराठी लेखनव्यवहारात असा बदल दोनदा झाला : प्रथम बोरूची जागा टाकाने घेतली, नंतर टाकाची जागा फाउंटनपेनने. यांपैकी दुसऱ्या बदलाची नोंद सोयीची सुधारणा एवढीच होते. वस्तुतः फाउंटनपेनने काजळीची शाई लेखनव्यवहारातून जवळजवळ हद्दपार केली, आणि त्यामुळे दप्तरखान्यात एक विपरीत स्थिती निर्माण झाली. अठराव्या शतकातील मोडी पत्र आजही काळेभोर दिसते, तर विसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेले पत्र फिकट पडून त्याचा कागद घडीवर तुटतो. ही स्थिती कशी आली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

बोरू, काजळी शाई आणि घोटीव कागद

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. लेखनकलेचा अभ्यासक त्याकडे बहुधा सुंदर अक्षराचा उपदेश म्हणून पाहतो. परंतु त्या समासात साधनांचा विचारही तितकाच बारकाईने आला आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील बोरू आणावेत, शाईचे साहित्य संग्रही ठेवावे, तारुण्यात फार बारीक अक्षर लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचवणार नाही, अशा सूचना तेथे आहेत. त्यांतील एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. पानाच्या चारही बाजूंनी कोरी जागा सोडून मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. कागद कोठून आणि कसा नष्ट होतो याचे निरीक्षण असल्याखेरीज असा सल्ला देता येत नाही. समास हा एका परीने अभिलेखसंरक्षणाचा मराठीतील जुना पाठ आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हा कागद कोणता? जुन्नर, दौलताबादजवळील कागजीपुरा आणि गुजरातेतील अहमदाबाद ही कागदाची प्रसिद्ध ठिकाणे होती. पेशवाईत कागद्यांची वस्ती पुण्यातही झाली. कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव तिची आठवण देते. ताग आणि अंबाडीचे जुने दोर, गोणपाट यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, कुटून, पुन्हा पुन्हा धुऊन त्यांचा लगदा करीत. गवताच्या काड्यांच्या चाळणीवर ताव उचलून तो भिंतीवर वाळवीत. यानंतरची दोन कामे लेखनाच्या दृष्टीने निर्णायक होती. वाळलेल्या तावाला पिठाची पातळ खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने तो घोटीत. खळीमुळे तंतूंमधील छिद्रे बुजत आणि घोटण्यामुळे पृष्ठभाग चकचकीत होई. अशा कागदावर शाई आत झिरपत नाही, वरच राहते.

काजळीच्या शाईला नेमके हेच हवे असते. दिव्याची काजळी, बाभळीसारख्या झाडाचा डिंक आणि पाणी हे तिचे मुख्य घटक. प्रांताप्रांतांतून त्यांत आणखी कितीतरी द्रव्यांची भर पडे. काजळी म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण डिंकाच्या पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी उडून गेल्यावर डिंकाच्या पापुद्र्यात कागदावर चिकटून बसतात. प्रकाशाने कार्बन उडत नाही, हवेने त्याचा रंग बदलत नाही आणि कागदाशी त्याची काही रासायनिक क्रियाही होत नाही. तीन शतकांपूर्वीचे पत्र उघडले असता अक्षर कालच लिहिल्यासारखे वाटते, याचे कारण एवढेच आहे. शिवाय चुन्याच्या प्रक्रियेतून कागदात उरलेला कॅल्शियमचा अंश पुढे तयार होणाऱ्या आम्लाला मारीत राहतो.

बोरू या जोडणीतील तिसरा घटक. गवताच्या जातीच्या या पोकळ काडीचे टोक तिरके कापून मध्ये चीर देत. देवनागरी व मोडी अक्षरांतील जाड-बारीक रेषा या तिरक्या कापातून येतात, आणि हा तिरकेपणा रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट दिशेचा असतो. बोरूमध्ये शाईला अडवणारी अरुंद वाट नाही. डिंकाची दाट शाई टोकावर वाळली तरी ते पुसता येते आणि झिजले तर चाकूने पुन्हा कापता येते. शाई दाट, लेखणी मोकळी आणि कागद घट्ट अशी ही जुळणी होती. मोडीचे लेखन हात न उचलता धावते असते. घोटीव कागदावर बोरू अडखळत नाही, म्हणून ते शक्य होई. ओली अक्षरे लवकर वाळावीत म्हणून वर बारीक वाळू टाकीत. टीपकागदाची गरज पडली ती पुढे, वेगळ्या शाईबरोबर.

या व्यवस्थेतही दोष होते, हे नजरेआड करता येत नाही. डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे कागद भिजला की काजळीचे अक्षर पुसले जाऊ शकते. खळ पिठाची असल्याने कसर आणि वाळवी यांना ती आवडते. मोडी कागदांतील असंख्य भोके ही कसरीची करामत आहे, शाईची नव्हे. म्हणजे या जोडणीचे शत्रू बाहेरचे होते. कागद कोरडा ठेवला, रुमालात बांधला, अधूनमधून उघडून झटकला तर तो टिकत असे.

हिराकसाची शाई : पीस आणि टाक

चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील १७८६ मध्ये पुण्यास आला. तेव्हापासून एकाच शहरात, बहुधा एकाच घटनेविषयी, दोन वेगळ्या साहित्यांतून लेखन होऊ लागले. शनिवारवाड्यातील कारकून बोरूने घोटीव कागदावर लिहीत होते, तर संगमावरील इंग्रज वकिलातीत पिसाच्या लेखणीने चिंध्यांपासून केलेल्या युरोपीय कागदावर लिहिले जात होते. तेथील शाई टॅनिन आणि हिराकस यांच्या संयोगाची होती. युरोपात टॅनिनसाठी मायफळ वापरीत; आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई माहीत होती.

ही शाई काजळीहून मुळातच निराळी आहे. ती लिहिताना फिकट असते. हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर तिच्यातील लोह आणि टॅनिन यांचे काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनते. आणि हे घडते ते कागदाच्या तंतूंत. म्हणून ती पुसता येत नाही. करारमदार व हिशेब यांसाठी युरोपने तिच्यावर शतकानुशतके भरवसा ठेवला तो याच गुणामुळे. पण या क्रियेत गंधकाम्ल तयार होते, आणि शाईत हिराकस जास्त झाले तर उरलेले लोह कागदातील सेल्युलोजच्या विघटनाला चालना देते. परिणामी अक्षराच्या जागीच कागद तपकिरी होतो, तडकतो आणि शेवटी अक्षराच्या आकाराचे भोक पडते. येथे शत्रू घरातला आहे.

पिसाच्या लेखणीला या आम्लाची बाधा होत नव्हती. १८२० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅममध्ये जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन इत्यादींनी पोलादी निबांचे उत्पादन यंत्रावर सुरू केले, तेव्हा पोलाद आणि आम्ल समोरासमोर आले. हिराकसाच्या शाईत निब गंजे. ती पुसून ठेवावी लागे आणि वारंवार बदलावी लागे. निब स्वस्त होती म्हणून हे खपून गेले. शाई सौम्य करण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. हेन्री स्टीफन्स याने १८३० च्या दशकात लंडनमध्ये विक्रीस आणलेल्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचे संयुग आधी पूर्ण काळे होऊ न देता त्यात निळा रंग मिसळला जाई. लिहिताना निळी, नंतर काळी. पुढे मराठी कचेऱ्यांत सर्वतोमुखी झालेल्या ‘ब्ल्यू-ब्लॅक’ या शब्दाचा उगम या दुहेरी रंगात आहे.

१८१८ नंतर कचेऱ्या, शाळा आणि न्यायालये यांच्याबरोबर टाक आणि दौत महाराष्ट्रात पसरली. मोडीच्या अभ्यासकांनी या काळातील लेखनाला आंग्लकालीन मोडी असे नाव दिले आहे. तिची खूण म्हणजे बारीक, एकसारख्या जाडीची, गिचमिड रेषा. पेशवेकालीन मोडी वाचणारा वाचक या मोडीपाशी अडखळतो. त्याचे खापर पुष्कळदा कारकुनाच्या घाईवर फोडले जाते. ते अर्धसत्य आहे. टोकदार निबेला बोरूचा तिरका काप नाही, आणि घोटीव कागदाची जागा गिरणीच्या कागदाने घेतल्यावर बोरूचा वेगही राहिला नाही. अक्षराचे वळण बिघडले त्यात हाताइतकाच हत्याराचा वाटा होता. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध स्वीकारली, त्या वेळी मोडी दुर्बोध असल्याची तक्रार होती. ती तक्रार ज्या मोडीविषयी होती, ती टाकाने लिहिलेली मोडी होती.

फाउंटनपेनची अट

फाउंटनपेनची कल्पना जुनी आहे. पेट्राश पोएनारु या रुमानियन विद्यार्थ्याला १८२७ मध्ये फ्रान्समध्ये तिचे पेटंट मिळाले होते. व्यवहारात उपयोगी पडेल असे पेन मात्र न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमन याच्या १८८४ च्या पेटंटानंतर रूढ झाले. त्याची करामत निबेखालच्या जिभेत होती. जिभेवरील खोबणीतून शाई खाली येते आणि जेवढी शाई उतरते तेवढीच हवा वर जाते. केशाकर्षण आणि हवेचा दाब यांचा हा तोल केसासारख्या बारीक वाटांवर अवलंबून असतो. निब सोन्याची व टोक इरिडियमसारख्या कठीण धातूचे केल्यामुळे गंजाचा प्रश्न बराच सुटला. वाट तुंबण्याचा प्रश्न उरला.

काजळीची शाई या वाटेतून जाऊ शकत नव्हती. तिचे कण तळाशी बसत आणि डिंक वाळून खोबणी कायमची बंद करी. हिराकसाच्या जुन्या दाट शाईतही साका धरे. म्हणून पेनसाठी फक्त विरघळलेली, निवळ, कणरहित शाई चाले. हिराकसाच्या शाईचे अत्यंत सौम्य रूप एका बाजूस आणि कृत्रिम रंग पाण्यात विरघळवून केलेली शाई दुसऱ्या बाजूस, असे दोनच मार्ग उरले. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधल्यावर अशा रंगांचा तुटवडा नव्हता. निळ्या, हिरव्या, जांभळ्या, तांबड्या शाया बाटल्यांतून आल्या. त्या निबेला गंजवीत नव्हत्या, कपड्यावरून धुऊन निघत होत्या, आणि कालांतराने उन्हात उडत होत्या. बाटल्यांवर ‘परमनंट’ व ‘वॉशेबल’ असे भेद छापले जात, यावरून ग्राहकाला निवड करावी लागत होती हे दिसते. लेखणीच्या आरोग्याला मानवणारी शाई दस्तऐवजाच्या आरोग्याला मानवेलच असे नव्हते.

शाई पातळ झाल्यावर कागदाचा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. पातळ शाई सैल कागदावर फुटते. तंतूंच्या वाटेने पसरते आणि पाठीमागे उमटते. तेव्हा कागदाला अशी खळ हवी की शाई थोडीच आत जावी, तेथेच थांबावी आणि लवकर वाळावी. हे काम गिरणीच्या कागदाने केले. मोरित्झ इलिग याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत लगद्यातच राळ आणि तुरटी घालीत. ताव घोटावा लागत नसे, खळ वेगळी द्यावी लागत नसे, आणि कागद शाई चांगली धरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत लिहिण्याचा कागद मुख्यतः असाच होता. भारतात बाली, लखनौ, टिटागढ येथील गिरण्या व पुण्याजवळ मुंढव्याची डेक्कन पेपर मिल एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या. १९२५ च्या संरक्षक कायद्यानंतर बांबूच्या लगद्याला चालना मिळाली, आणि १९४५ मध्ये बल्लारपूरच्या गिरणीची स्थापना झाली.

या इतिहासातील खरी शोकांतिका येथे आहे. तुरटी आम्लधर्मी आहे. ज्या खळीमुळे कागद फाउंटनपेनला योग्य झाला, तीच खळ कागदाला आतून खाऊ लागली. पेन, शाई आणि कागद यांचा मेळ लिहिण्याच्या क्षणापुरता उत्तम बसला : निब घसरते, शाई फुटत नाही, अक्षर रेखीव येते. पन्नास वर्षांनी तोच कागद पिवळा पडून दुमडला की मोडतो. जुन्या घोटीव कागदाची पारख काळाने केली होती. या नव्या जोडणीची पारख खरेदीच्या वेळी, दुकानात, दोन ओळी लिहून होत होती.

जोडणी किती नाजूक असते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील पार्कर कंपनीने दिले. १९३१ मध्ये तिने ‘क्विंक’ ही लवकर वाळणारी शाई आणली. १९४१ पासून विक्रीस आलेल्या ‘पार्कर ५१’ या पेनसाठी तिने आणखी वेगाने वाळणारी, तीव्र अल्कधर्मी शाई काढली. ही शाई कागदात झटकन शिरून वाळे, टीपकागद लागत नसे. परंतु सेल्युलॉइडच्या पेनांना ती घातक होती. म्हणून त्या पेनचे अंग ल्युसाइट या निराळ्या प्लास्टिकचे केले होते, आणि शाईच्या बाटलीवर ती दुसऱ्या पेनात घालू नये अशी सूचना होती. शाईसाठी पेन बनवावे लागले; पेनसाठी शाई नव्हे. साधनांच्या इतिहासात असा उलटा क्रम विरळाच आढळतो.

स्वदेशी शाई, हातकागद आणि ‘झरणी’

१९३० च्या सविनय कायदेभंगानंतर विलायती मालाच्या बहिष्कारात शाईची बाटलीही आली. १९३१ मध्ये दि. प. दांडेकर व त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईच्या पुड्या आणि गोळ्या करावयास सुरुवात केली. ‘कॅमल’ शाई आणि पुढे ‘कॅम्लिन’ हे घरोघरी पोचलेले नाव याच उद्योगाचे. प्रारंभ बाटलीबंद शाईने न होता पुडी आणि गोळीने व्हावा, यास कारण आहे. शाळेच्या बाकावरची दौत पाण्यात गोळी विरघळवून भरली जाई, आणि त्या वेळी वर्गात टाकच होता. फाउंटनपेन वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या खिशाला असे. शाळकरी मुलाच्या हाती ते बऱ्याच उशिरा आले. बंगालमध्ये मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये राजशाही येथे सुरू केलेली ‘सुलेखा’ शाई आणि राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचे पेन ही याच प्रेरणेची फळे होत. रत्नम यांनी पाठविलेल्या पेनची पोच गांधीजींनी १९३५ मध्ये पत्राने दिली होती.

त्याच सुमारास कागदाचीही चळवळ सुरू झाली. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास मगनवाडीत हातकागदाचे काम हाती घेतले, आणि १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. म्हणजे एकाच दशकात स्वदेशी शाई, स्वदेशी पेन आणि स्वदेशी कागद तिन्ही उपलब्ध झाले. त्यांचा आपसांत मेळ मात्र सहज बसणारा नव्हता. हातकागद खरखरीत निघाला तर त्याचे तंतू निबेच्या चिरेत अडकतात. खळ अपुरी पडली तर पातळ शाई फुटते. पूर्वी असाच हातकागद बोरूने निर्वेध लिहिला जात होता, कारण बोरूला चीर मोठी आणि शाई दाट होती. तिन्ही वस्तू स्वदेशी झाल्या, पण एक कागदीपुऱ्याच्या परंपरेतील आणि दुसरी वॉटरमनच्या परंपरेतील, अशी ही गाठ होती. भाषाशुद्धीच्या काळात फाउंटनपेनला ‘झरणी’ हा सुंदर शब्द सुचविला गेला. तो रुळला नाही. नाव मराठी करणे वस्तू मराठी करण्याहून सोपे होते, तेही साधले नाही.

व्यापाऱ्यांच्या पेढीवर जुनी रीत अधिक काळ टिकली. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी दौत, लेखणी आणि वही यांची पूजा एकत्रच होते. मालकाच्या खिशाला फाउंटनपेन असले तरी पूजेस बोरू किंवा टाक ठेवला जाई.

राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रती

मेळाचा प्रश्न जाणीवपूर्वक सोडविला गेल्याचे एक उदाहरण राष्ट्रीय पातळीवर सापडते. फाउंटनपेन सर्वत्र झालेले असताना भारताच्या राज्यघटनेची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी होल्डर आणि ३०३ क्रमांकाच्या निबा वापरून लिहिली. हिंदी प्रतीचे लेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले, आणि तिच्यासाठी कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातून घेतला गेला. ज्या दस्तऐवजाने कायम टिकावे अशी अपेक्षा होती, त्यासाठी पेन खिशात ठेवून टाक उचलला गेला, हे लक्षणीय आहे. बुडवून लिहिण्याच्या लेखणीला शाईचे बंधन नसते. दाट व टिकाऊ शाई तिला चालते, आणि निब झिजली की बदलता येते. संविधानसभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी सह्या केलेल्या या प्रती १९९४ पासून संसदेच्या ग्रंथालयात नत्रवायू भरलेल्या पेट्यांत ठेवल्या आहेत.

दप्तरखान्यातील परिणाम

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानकांनी फाउंटनपेनच्या शाईचे दोन वर्ग केले : लोह-टॅनिनयुक्त आणि केवळ रंगयुक्त. पहिल्या वर्गात लोहाचे प्रमाण ०.१ टक्का ठरविण्यात आले. जुन्या शाईच्या मानाने हे फारच थोडे आहे. पेन तुंबू नये आणि नोंद पुसली जाऊ नये, या दोन गरजांमधली ती तडजोड होय. अडचण नावाची आहे. ‘ब्ल्यू-ब्लॅक’ हे नाव पुढे लोहाचा अंशही नसलेल्या शायांना लावले गेले. त्यामुळे एखाद्या नोंदवहीतील अक्षर निळसर काळे दिसते एवढ्यावरून ते टिकाऊ शाईचे आहे असे मानता येत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा असंख्य घरांतील कागदपत्रे भिजली. अशा प्रसंगी तीन शाया तीन तऱ्हेने वागतात. लोहाची शाई जागेवर राहते. काजळीची शाई डिंक सुटल्यामुळे फासली जाते, तरी तिचे कण बहुधा कागदावरच उरतात. कपड्यावरून धुऊन निघणारी निळी शाई पाण्याबरोबर निघून जाते आणि मागे निळसर डाग ठेवते. विसाव्या शतकातील खाजगी पत्रव्यवहार, डायऱ्या आणि लेखकांची हस्तलिखिते यांचा मोठा भाग या तिसऱ्या प्रकारात मोडतो. आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची हीच प्राथमिक साधने असल्याने हा प्रश्न केवळ संग्रहपालांचा राहत नाही.

संरक्षणाच्या उपायांतही शाईचा भेद निर्णायक ठरतो. कागदातील आम्ल मारण्यासाठी त्याला कॅल्शियमयुक्त पाण्यात बुडविण्याची पद्धत लोहाच्या शाईला मानवते. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये योहान नेव्हेल यांनी विकसित केलेली कॅल्शियम फायटेटची प्रक्रिया अशीच पाण्यातील आहे. तीच प्रक्रिया रंगयुक्त शाईच्या पत्रावर केली तर उपचारातच मजकूर जाईल. उलट दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रूढ झालेली, सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक पापुद्रा ॲसिटोनने चिकटविण्याची रीत काजळीच्या अक्षरांना धक्का लावीत नाही. बॉलपेनच्या तेलकट शाईचे रंग मात्र ॲसिटोनमध्ये विरघळतात. बॉलपेनने तर कोणत्याही कागदावर लिहिण्याची मुभा देऊन मेळाची अटच मोडून काढली, आणि त्याबरोबर कागद पारखण्याची सवयही गेली.

यास एक उलट प्रवाहही आहे. सेलर आणि प्लॅटिनम या जपानी कंपन्यांनी कार्बनचे कण इतके सूक्ष्म केले आहेत की ते फाउंटनपेनच्या जिभेतून जाऊ शकतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लरहित खळीचा कागदही गिरण्यांतून येऊ लागला. काजळी, घट्ट कागद आणि आम्लाचा अभाव ही बोरूच्या काळची तिन्ही लक्षणे पुन्हा एकत्र येऊ शकतात. मात्र अशी शाई पेनात वाळू दिली तर आजही जीभ तुंबते, आणि पेन नियमित धुवावे लागते.

महाविद्यालये आणि शिक्षणसंस्था यांच्याकडील इतिवृत्तांच्या वह्या, प्रवेशनोंदी आणि पत्रव्यवहार हा असाच संमिश्र संग्रह आहे. एकाच पानावर इतिवृत्त ब्ल्यू-ब्लॅक शाईत, दुरुस्ती तांबड्या शाईत आणि उपस्थितांच्या सह्या ज्याच्या त्याच्या पेनातील शाईत, असे चित्र सामान्यतः दिसते. सूची करताना विषय, दिनांक आणि पृष्ठसंख्या यांबरोबर शाईचा प्रकार व कागदाची स्थिती यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवणे कठीण नाही. लोह आहे की नाही हे पाहण्यासाठी बॅथोफेनॅन्थ्रोलिन लावलेली कागदी पट्टी पुरते : ती किंचित ओली करून अक्षरावर क्षणभर दाबली आणि गुलाबी-जांभळी झाली, तर शाईत मोकळे लोह आहे. पाण्याचा थेंब सोसतो की नाही हे मजकुराबाहेरच्या एखाद्या ठिपक्यावर ओलसर टीपकागद टेकवून कळते. ही तपासणी प्रत्येक पानावरील प्रत्येक शाईची वेगळी करावी लागते, आणि ती दुरुस्तीसाठी वही बांधणाऱ्याकडे जाण्यापूर्वी व्हावी लागते.